गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात ग्राहक का येत नव्हते?

दरवर्षी 26 जून आला की एक गोष्ट आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर फिरू लागते. राजर्षी शाहू महाराजांनी एका अस्पृश्य माणसाच्या हॉटेलात जाऊन चहा घेतला, ही ती गोष्ट. जयंतीच्या भाषणात ती येते, शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत येते, पुढाऱ्यांच्या शुभेच्छा फलकावरही येते. गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. ती सांगायलाच हवी.

पण ती सांगताना आपण एक गफलत करतो. राजाने चहा घेतला, कप खाली ठेवला, टाळ्या वाजल्या, गोष्ट संपली. ज्याने तो चहा केला तो माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा उठला असेल, शेगडी पेटवली असेल, दुधाचा हिशेब केला असेल, कपबशा विसळल्या असतील, याचा विचार आपण करत नाही. राजा रोज चहाला येणार नव्हता. दुकान मात्र रोज उघडायचे होते. घर त्याच्यावर चालायचे होते.

त्या माणसाचे नाव गंगाराम कांबळे. हा लेख त्यांच्याविषयी आहे. शाहू महाराजांचे मोठेपण कमी करण्याचा यात हेतू नाही. उलट महाराजांनी नेमके काय केले हे समजायचे असेल, तर आधी गंगाराम कांबळे कोणत्या भिंतीवर डोके आपटत होते ते समजले पाहिजे.

हौद, चाबूक आणि दुकान

गंगाराम कांबळे कोल्हापूर संस्थानच्या पागेत नोकरीला होते. घोड्यांची निगा राखणे हे काम. तिथे मराठा नोकरांसाठी राखून ठेवलेल्या पाण्याच्या हौदाला त्यांनी स्पर्श केला आणि त्यापायी त्यांना चाबकाने मार बसला. ज्या हातांनी घोड्यांना पाणी पाजलेले चालत होते, त्या हातांनी हौद विटाळला. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. ते परतल्यावर गंगाराम आपल्या माणसांसह सोनतळीला जाऊन त्यांना भेटले आणि पाठीवरचे वळ दाखवले.

इथे थांबून विचार करा. मार खाऊन गप्प बसणारे हजारो होते. नोकरी जाईल, पुन्हा मार बसेल, घरच्यांचे हाल होतील, ही भीती काही खोटी नव्हती. तरीही हा माणूस गेला, उभा राहिला आणि बोलला. महाराजांनी गुन्हेगारांना शिक्षा दिली, पण त्यापुढे जाऊन त्यांनी आणखी एक विचार केला. याच पागेत, त्याच माणसांच्या मध्ये, या माणसाने राहायचे कसे? त्यांनी गंगारामांना नोकरीतून मोकळे केले आणि स्वतःचा धंदा सुरू करायला सांगितले, त्यासाठी मदतही केली.

पगाराची नोकरी सोडून गंगारामांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल टाकले. नाव ठेवले ‘सत्यसुधारक’. नाव नीट वाचा. पोट भरायला काढलेल्या दुकानाचे हे नाव आहे आणि त्याला सत्यशोधक चळवळीचा वास आहे. हा माणूस नुसता गल्ला मोजायला बसला नव्हता.

चहा विकणे एवढे अवघड का होते?

आजच्या तरुणाला वाटेल, चहाच तो, चांगला केला की लोक येतील. पण चहा म्हणजे काय? पाणी आणि दूध. जातिव्यवस्थेचा सगळा पहारा याच दोन गोष्टींवर होता. कोणी कुणाच्या हातचे पाणी प्यायचे, यावर गावगाड्यातली माणसाची पायरी ठरत होती. अस्पृश्याने शेत नांगरले तर धान्य बाटत नव्हते. त्याने वाहून आणलेल्या लाकडांनी चूल बाटत नव्हती. त्याने पेला पुढे केला की मात्र धर्म बुडत होता. म्हणजे त्याचे श्रम चालत होते, स्पर्श चालत नव्हता.

मुंबईच्या कापड गिरण्यांतही हाच नियम होता. विणखात्यात मजुरी जास्त, पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नाही. कारण सूत तोंडाने ओले करावे लागे. बाबासाहेबांनी 1928 च्या गिरणी संपाच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. थुंकी लागलेले सूत चालेना, तिथे हाताने गाळलेला चहा कसा चालणार?

आता याची दुसरी बाजू पाहा. जेव्हा अस्पृश्य ग्राहक म्हणून चहाच्या दुकानात जात असे, तेव्हा त्याला बाहेर बसवत, वेगळा कप देत आणि तो त्यालाच विसळून ठेवायला लावत. हा अपमान आपल्या पिढ्यांनी सोसला आहे. हजारो वर्षे पाण्यासाठी दुसऱ्याच्या ओंजळीवर जगलेल्या समाजातला एक माणूस म्हणतो, मी मागायला येणार नाही, मी देणार, तुम्ही या आणि पैसे मोजून प्या. बंड याहून वेगळे काय असते?

हे बंड किती खोल होते ते समजायला बलुत्याची पद्धत आठवा. महारवतन म्हणजे गावाची राबणूक आणि बदल्यात दारोदार मागून आणायची भाकर. शाहू महाराजांनी 1918 मध्ये आपल्या संस्थानात महारवतन बंद केले. वतन गेले की भाकरीचा तो अपमानास्पद का होईना, आधार गेला. मग पुढे काय? नोकरी, शेती, नाही तर धंदा. गंगाराम कांबळे हे या ‘पुढे काय’चे एक जिवंत उत्तर होते. बलुत्याची भाकर दात्याच्या मर्जीची असते. गल्ल्यात पडलेला आणा आपल्या मेहनतीचा असतो.

आणि तो आणाच पडत नव्हता. सवर्ण गिऱ्हाईक दुकानाकडे फिरकत नव्हते.

बाबासाहेबांची पेढी

कुणी म्हणेल, बिचारे अशिक्षित, धंद्याचा अनुभव नाही, म्हणून चालले नसेल. त्यांनी त्याच काळातले दुसरे उदाहरण पाहावे.

1917 च्या ऑगस्टमध्ये बाबासाहेब परदेशातून परतले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास केलेला तरुण. बडोद्याला नोकरीवर गेले तर राहायला जागा मिळेना. पारशी नावाने एका पारशी धर्मशाळेत उतरले, जात कळल्यावर तिथूनही हाकलले गेले. ते मुंबईला आले. शेअर आणि गुंतवणूक यांवर सल्ला देणारी पेढी त्यांनी सुरू केली. त्या विषयात त्यांच्या तोडीचा माणूस मुंबईत किती जण असतील? ग्राहक येऊ लागले. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक तुटले आणि पेढी बंद पडली.

1918 च्या नोव्हेंबरमध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तिथे काही सहकारी प्राध्यापकांनी, त्यांनी शिक्षकांच्या माठातले पाणी पिण्यास हरकत घेतली.

कोल्हापूरच्या पागेतला हौद आणि मुंबईच्या महाविद्यालयातला माठ. भाऊसिंगजी रोडवरचे हॉटेल आणि मुंबईतली गुंतवणूक सल्ल्याची पेढी. एक माणूस घोड्यांची निगा राखणारा, दुसरा त्या काळातल्या सर्वाधिक शिकलेल्या भारतीयांपैकी एक. दोघांपुढे भिंत तीच. चहाला निदान हात लागतो. शेअरच्या सल्ल्याला कुठला हात लागतो? म्हणजे प्रश्न चहाचा नव्हता, शिक्षणाचा नव्हता, कौशल्याचाही नव्हता. बाजारात येणारा प्रत्येक ग्राहक आपली जात खिशात घेऊन येत होता. ‘बाजाराला जात नसते’ असे आज जे अर्थतज्ज्ञ सांगतात, त्यांनी या दोन दुकानांचा हिशेब आधी मांडावा.

हुकूम पुरेसा का नव्हता?

शाहू महाराज हुकूम काढू शकत होते आणि त्यांनी काढलेही. 1902 मध्ये मागासवर्गीयांसाठी नोकरीत 50 टक्के जागा राखून ठेवल्या. 1919 मध्ये शाळा, दवाखाने, सार्वजनिक पाणवठे अशा ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये म्हणून आदेश दिले. या सगळ्या गोष्टी राज्याच्या हातातल्या होत्या. पण ‘सर्वांनी गंगारामच्या हॉटेलात चहा प्यावा’ असा हुकूम कोणता राजा काढणार?

म्हणून महाराज स्वतः गेले. गाडी दुकानासमोर उभी करायची, चहा मागवायचा, स्वतः घ्यायचा आणि गाडीतल्या ब्राह्मण-मराठा मंडळींनाही द्यायचा. राजाने घेतल्यावर ‘मी घेत नाही’ म्हणण्याची कुणाची हिंमत? पुढे ज्यांना महाराजांची सही हवी असे, त्यांनाही तिथे गाठायला लागले आणि चहा घेऊन मगच काम होऊ लागले, असे कोल्हापुरात सांगतात. शिवाय महाराजांनी गंगारामांना सोडा तयार करण्याचे यंत्र घेऊन दिले.

यंत्राची गोष्ट मला कपाच्या गोष्टीइतकीच महत्त्वाची वाटते. चहा पिणे ही प्रतिष्ठा देणे झाले. यंत्र देणे म्हणजे उत्पादनाचे साधन हातात देणे झाले. महाराजांना दोन्हीची गरज कळली होती. आपल्या भाषणांत मात्र फक्त कप उरला आहे.

आणखी एक आठवण कोल्हापुरात सांगितली जाते. महाराजांनी विचारले, पाटीवर स्वतःचे नाव का घातले नाहीस? गंगारामांच्या उत्तराचा रोख असा होता की, बाकीचे दुकानदार पाटीवर जात लिहितात काय, मग मीच का लिहावी? राजासमोर उभे राहून हा सवाल करणारा माणूस कुणाच्या दयेवर जगणारा नव्हे. आपण त्याला नुसता ‘महाराजांनी उद्धारलेला गंगाराम’ करून टाकतो, हा त्याच्यावर अन्याय आहे.

6 मे 1922 रोजी शाहू महाराज गेले. त्यांचे स्मारक सर्वात आधी कुणी उभारले? सरदारांनी नाही, जहागीरदारांनी नाही. काही वर्षांतच कोल्हापूरच्या नर्सरी बागेत गंगाराम कांबळे यांनी पुढाकार घेऊन, समाजातल्या गरीब माणसांच्या वर्गणीतून स्मारक उभे केले. शाहू महाराजांचे पहिले स्मारक म्हणून ते ओळखले जाते. ज्याला चाबकाने मारले होते त्या माणसाच्या शब्दावर लोक पैसे काढून देत होते. छोट्या दुकानदाराची खरी पुंजी हीच असते, पत.

कायदा दार उघडतो, ग्राहक आणत नाही

बाबासाहेबांनी संविधानाच्या 15व्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख असलेली तरतूद ठेवली. जातीवरून कुणालाही तिथे अडवता येणार नाही. 17व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. 19व्या कलमाने कुठलाही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य दिले. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार घालणे हाही गुन्हा ठरला.

बहिष्काराचे हत्यार किती धारदार असते हे बाबासाहेबांना माहीत होते. मुंबई सरकारने 1928 मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांना गावचा वाणी मीठमिरचीही देणे बंद करतो, हे त्या समितीच्या 1930 च्या अहवालात नोंदले गेले आहे. दुकान कुणाच्या ताब्यात आहे यावर लढा किती दिवस टिकणार हे ठरते, असा त्याचा अर्थ आहे. आपले एक किराणा दुकान गावात असेल तर बहिष्काराची अर्धी धार तिथेच बोथट होते.

पण कायद्याची एक मर्यादा ओळखली पाहिजे. दलित ग्राहकाला दारात अडवले तर गुन्हा दाखल होतो. दलित मालकाच्या दुकानावरून ग्राहक गुपचूप पुढे निघून गेला तर कुठला गुन्हा? तो म्हणेल, मला आज चहा नको होता. शंभर माणसांना एकाच वेळी चहा नको झाला, तर तक्रार कुणाविरुद्ध करायची? गंगाराम कांबळे यांच्यासमोरची अडचण शंभर वर्षांनी इथे येऊन उभी आहे.

मामाच्या हॉटेलातला फोटो

माझ्या मामाचे तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर चहा-वड्याचे छोटे हॉटेल होते. पहाटे चारला मामी बटाटे उकडायला लावायची, पहिल्या गाडीच्या आत मामा कढई तापवायचा. रात्री नऊला गल्ला मोजून झाला की उधारीची वही. अशी सत्तावीस वर्षे. त्यातून तीन मुलांची शिक्षणे झाली, दोन बहिणींची लग्ने झाली, म्हातारीचे दुखणे निघाले. पाटीवर ‘समाधान टी हाऊस’. आडनाव नाही. बाबासाहेबांचा फोटो घरी.

एका 14 एप्रिलला मामाने तो फोटो गल्ल्याच्या वर लावला. कुणी भांडायला आले नाही. कुणी शिवी दिली नाही. एका कचेरीतून रोज दहा चहा जायचे, ते पाचावर आले, मग बंद झाले. एक जुना गिऱ्हाईक म्हणाला, “डॉक्टरांनी चहा बंद केलाय.” महिनाभराने तोच समोरच्या हॉटेलात बशीत चहा ओतून पिताना दिसला. मामाने फोटो काढला नाही. वडे मात्र निम्मेच तळू लागला.

हे सगळे मनुवादी व्यवस्थेवर ढकलून मला मोकळे होता आले असते. पण पुढचेही सांगतो. त्याच गावातल्या आमच्या जयंती समितीने मिरवणुकीच्या नाश्त्याची ऑर्डर बाजारपेठेतल्या मोठ्या हॉटेलला दिली. मी त्या समितीत होतो. कुणीतरी म्हणाले, “मामाकडे एवढं जमणार नाही.” त्याला विचारलेच नव्हते. आणि मामाच्या उधारीच्या वहीत सर्वात थकलेली नावे कुणाची होती? आमचीच. “आपलाच माणूस आहे, देऊ की.” समोरच्या हॉटेलात आम्ही रोख देत होतो. ती वही मामा गेल्यावर मी पाहिली. माझ्या नावापुढे तीनशे चाळीस रुपये होते.

एका आक्षेपाविषयी

काही मित्र म्हणतील, बाबासाहेबांनी 1938 मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, मग दुकानदारीचे गोडवे कशाला? आक्षेप गंभीर आहे. दोन-चार कोट्यधीश झाले म्हणजे समाज मुक्त झाला, असे मीही मानत नाही. पण शेगडीसमोर सोळा तास उभा राहणारा माणूस भांडवलदार कसा? तो स्वतःच मजूर आणि स्वतःच मालक. त्याने कुणाचे शोषण केले? शिवाय बाबासाहेबांनीच सांगितले आहे की जातिव्यवस्था ही श्रमिकांची विभागणी आहे. कुणी कोणते काम करायचे हे जन्माने ठरवून टाकायचे. त्या ठरवून दिलेल्या कामातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस त्या विभागणीला तडा देतो. कारकून झालेला देतो, तसाच हॉटेलवालाही देतो.

आणि आज कायम नोकऱ्या आटत आहेत, कंत्राटी भरती वाढते आहे. शिकलेला मुलगा पाच-सात वर्षे स्पर्धा परीक्षेच्या खोलीत काढतो आणि गावी परतून चहाची गाडी लावली तर त्याला आपण ‘वाया गेला’ म्हणतो. आरक्षणाची लढाई एक इंचही सोडायची नाही. पण गाडी लावणारा वाया गेलेला नाही, एवढे तरी आपल्या तोंडी यावे.

आता काय करायचे?

आपल्या चळवळीने सभा, मोर्चे, सत्याग्रह यांचा इतिहास लिहिला, ते योग्यच झाले. पण त्या सभेचा मंडप ज्याने उधार दिला, कार्यकर्त्यांना रात्री ज्याने जेवू घातले, पत्रके ज्याच्या दुकानात ठेवली जात, त्या माणसांचा इतिहास कुठे आहे? प्रत्येक तालुक्याच्या गावी आपल्या समाजातला पहिला शिंपी, पहिला सायकल दुकानवाला, पहिला किराणावाला, पहिला छापखानावाला होऊन गेला आहे. त्याला कुणी घर भाड्याने दिले, माल कुणी उधार दिला, ग्राहक किती दिवसांनी आले, हे सांगणारी माणसे आता सत्तर-ऐंशीची आहेत. त्यांच्याकडे जा. वही-पेन घेऊन बसा. त्यांच्या बायकांनाही विचारा, कारण गल्ल्यावर नवरा दिसतो पण पहाटे चारला चूल तिने पेटवलेली असते.

दुसरी गोष्ट याहून सोपी आहे. शाहू महाराजांनी जे केले ते करायला राजा असावे लागत नाही. येत्या जयंतीची ऑर्डर आपल्या माणसाच्या दुकानात द्या. त्याला आधी विचारा, किती जमेल. जमेल तेवढे त्याच्याकडून घ्या. पैसे रोख द्या. ‘आपलाच आहे’ म्हणून कमी देऊ नका, आणि चहा पाणचट असेल तर तेही तोंडावर सांगा. बरोबर एखादा सवर्ण मित्र न्या आणि त्यालाही तिथलाच चहा पाजा.

मामाचे तीनशे चाळीस रुपये मी मामीला नेऊन दिले. तिने मोजून घेतले, वहीतल्या माझ्या नावावर रेघ मारली आणि विचारले, “चहा टाकू का?”

जय भीम.